चोच नसलेलं बदक

दोघी जावांचं विणकाम चालायचं ते घराच्या पुढच्या खोलीत. रस्त्याकडे मोठी खिडकी, खिडकीखाली विणण्याचं यंत्र, त्याच्या शेजारी कॉम्प्युटर आणि बाकीच्या भिंतींना लोकरीची फडताळं. यंत्रावर थोरली बसायची. पाठीमागच्या टेबलावर धाकटी, विणून आलेल्या पाठी, पोटं आणि बाह्या जोडत. ही वाटणी कधी कुणी बसून ठरवली नव्हती. थोरली या घरात सहा वर्षं आधी आली होती आणि यंत्रही तिनंच हट्टानं आणलं होतं, एवढंच. पण एखादी गोष्ट वीस वर्षं चालली की तिला कायद्याचा थाट येतो, तसा या वाटणीलाही आला होता.

थोरली बावन्न वर्षांची. उंचीनं बेताची, पण आवाज शेजारच्या दोन घरांना पुरून उरेल असा. हात साफ, नजर तिखट, आणि एक मोठा गुण म्हणा की खोड म्हणा, ती कधी चुकायची नाही. म्हणजे चुकत असेलच, माणूसच आहे, पण ते तिला सांगायची कुणाची टाप नव्हती. नवरा बसच्या कारखान्यात फिटर होता. दिवसभर मोठमोठी इंजिनं उघडून बसायचा, पण घरी आल्यावर साधा नळ गळतोय हेसुद्धा बायकोला जरा अंदाज घेऊनच सांगायचा.

यंत्र दोनशे सुयांचं. सुया एका रांगेत, आणि त्यांच्यावरून दांडा धरून इकडून तिकडे फिरवायची ती कॅरेज. एक फेरी मारली की एक ओळ विणून होते. कोणत्या सुईनं कोणता रंग उचलायचा, ते कॉम्प्युटर यंत्राला ओळीगणिक कळवतो, म्हणून स्वेटरवर चित्रं उमटतात. थोरलीच्या स्वेटरवरची बदकांची रांग गावातल्या बालवाडीत इतकी ठरून गेली होती की तिथली मुलं दुसऱ्या चित्राचा स्वेटर घालायला तयार नसत.

मग एके दिवशी कॉम्प्युटर गेला. सुरू करताना जळका वास आला आणि त्यानंतर काहीच आलं नाही. दुरुस्तीवाल्यानं नवा आणून बसवला. नव्याला सगळं येत होतं, फक्त यंत्र ओळखता येत नव्हतं. दोन दुपारी तो टेबलाखाली उताणा पडून वायरी काढघाल करत होता. शेवटी गुडघे झटकत उठला आणि त्यानं समजावून सांगितलं. कॉम्प्युटरच्या आत कर्नल नावाचा एक मुख्य कारभारी असतो. पडदा असो, कीबोर्ड असो, प्रिंटर असो, सगळ्यांशी बोलणं त्याच्यामार्फत. कुणाशी कसं बोलायचं याचा एकेक छोटा प्रोग्रॅम त्याच्यापाशी असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. या यंत्राचा ड्रायव्हर जुन्या कर्नलमध्ये होता. नव्यातून काढून टाकलाय.

कुणी काढला, म्हणून थोरलीनं विचारलं. कर्नल सांभाळणारी माणसं जगभर आपापल्या घरी बसून हे काम करतात, तो म्हणाला, आणि सगळं लिखाण उघडं असतं, कुणीही वाचावं. हे यंत्र वापरणारं कुणी उरलं नाही, असं त्यांना वाटलं असणार.

“मी उरले आहे की,” थोरली म्हणाली.

दुरुस्तीवाला हसला. थोरली हसली नाही. तिला राग आला होता, आणि तिचा राग हा घरातल्या कित्येक चांगल्या कामांचा उगम होता. पुढच्या रविवारी सकाळी ती तंत्रशाळेतल्या कर्नलच्या वर्गात जाऊन बसली.

वर्गात तिला धरून आठ जण. बाकीचे सात तिच्या निम्म्या वयाचे. शिकवणारे सर टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, वाळलेले, मृदू आवाजाचे आणि कुठलंही उत्तर सरळ न देणारे. काही बिघडलं म्हणून कुणी हात वर केला की सर एकच म्हणायचे, “आधी लॉगला विचारा.” कर्नल जे जे करतो त्याची नोंद वेळेसकट एका वहीत करत जातो, ती वही म्हणजे लॉग. माणूस खोटं बोलतो, आठवण दगा देते, लॉगला मात्र कुणाची भीड नसते, असं सरांचं मत होतं. हे वाक्य थोरलीला इतकं आवडलं की तिनं ते घरी आणलं. भाजी खारट झाली तरी लॉगला विचारा, नवऱ्याचा चष्मा हरवला तरी लॉगला विचारा. महिनाभरात घरातल्यांचे कान किटले.

शिकताना तिची फजिती झाली नाही असं नाही. पहिल्यांदा तिनं लिहिलेलं काही चालवलं तेव्हा तंत्रशाळेच्या कॉम्प्युटरचा पडदा अक्षरांनी भरून गेला आणि सगळं जागच्या जागी गोठलं. आपण सरकारी मालमत्ता फोडली अशा समजुतीनं ती उठून उभी राहिली. सर म्हणाले, बसा, कर्नल घाबरला, पुन्हा सुरू केला की शांत होईल. त्यानंतर तिनं त्याला शंभरदा तरी घाबरवलं असेल. पण प्रोग्रॅमची भाषा तिला वाटली तितकी परकी निघाली नाही. विणकामाच्या पुस्तकात ‘फुलीपासून फुलीपर्यंत सहा वेळा विणा’ असं लिहिलेलं तिनं जन्मभर वाचलं होतं. इथंही तेच होतं, फक्त फुलीच्या जागी कंस होते.

जुना ड्रायव्हर सरांनी तिला शोधून दिला, पण नव्या कर्नलला तो जसाच्या तसा बसेना. मग तिनं तो उसवायला घेतला. एकेक तुकडा घ्यायचा, कळून घ्यायचा, नव्या मापानं पुन्हा विणायचा. दुपारच्या जेवणानंतरचे दोन तास त्याचे. अकरा महिने गेले. एक तुकडा तिला अगदीच निरुपयोगी वाटला. चालू ओळ विणून व्हायच्या आधीच पुढची ओळ यंत्राकडे पाठवून ठेवायची, अशी काहीशी खटपट होती त्यात. ती काढून बघितली, तरी यंत्र छान चाललं. जास्तीचा धागा ठेवायचा कशाला, म्हणून तिनं तो तुकडा कापून टाकला आणि आपला ड्रायव्हर मूळच्यापेक्षा चाळीस ओळींनी आखूड आहे हे सरांना दोनदा ऐकवलं. सर म्हणाले, आणखी कुणी चालवून बघितलंय का? तिनं सांगितलं, चालवणारी मीच, बघणारं आणखी कोण असणार?

पहिलं बदक एका मंगळवारी चोचीसकट उमटलं. थोरली कॅरेजचा दांडा धरून बराच वेळ बसून राहिली. मग तिनं धाकटीला हाक मारली आणि दोघींनी त्या बदकाकडे बघत चहा घेतला. इतकं सुख तिला स्वतःच्या घरावर छप्पर चढलं तेव्हाही झालं नव्हतं, असं ती पुढे सगळ्यांना सांगायची.

दोन महिने छान गेले. मग तिचा उजवा खांदा धरला. डॉक्टरांनी फोटो काढला, हात तीन ठिकाणी दाबून बघितला आणि सांगितलं, तीन महिने कॅरेज बंद. बालवाडीचे नव्वद स्वेटर व्हायचे होते. नवऱ्यानं तेव्हाच विषय काढला. झेरॉक्सवाला कधीचा ही खोली भाड्यानं मागत होता. महिनाअखेरपर्यंत त्याला हो की नाही सांगायचं होतं. तुझा खांदा असा, यंत्र म्हातारं, किती दिवस ओढणार, असं तो काळजीनंच म्हणाला. थोरलीला ते पटलं नाही, पण खोडून काढायला तिच्याकडे एकच गोष्ट होती. ती म्हणाली, यंत्रावर धाकटी बसेल. बसली आणि जमलं तर खोली आपली, नाही जमलं तर झेरॉक्सवाल्याची.

धाकटीला हे कुणी विचारलं नव्हतं, पण ऐकून तिचा चेहरा उजळला. वीस वर्षं ती यंत्राच्या पाठीशी बसून होती. बोलायची कमी, पण हात भलता चपळ. ती बसली, दांडा धरला आणि कॅरेज अशी सरसर फिरवली की खिडकीच्या काचा गुणगुणायला लागल्या. पाऊण तासात पोटाचा भाग खाली उतरला. थोरलीनं तो उजेडात धरला. मधली बदकं ठीक होती. दोन्ही काठांवरच्या बदकांचे चेहरे पुसट झाले होते, आणि डावीकडच्याला चोचच नव्हती.

पुन्हा विण, थोरली म्हणाली. दुसऱ्या खेपेला उजवीकडच्याची चोच गेली. तिसऱ्या खेपेला दोन्हीकडच्या. थोरलीनं तिला उठवलं, दुखऱ्या खांद्यानं स्वतः दहा ओळी मारून दाखवल्या. एकही टाका इकडचा तिकडे नाही.

“यंत्रात काही आहे का, ताई?” धाकटीनं विचारलं.

“यंत्रात काय असणार? नाचता येईना अंगण वाकडं,” थोरली म्हणाली. “हात बसायला वेळ लागतो, सगळ्यांनाच लागतो. पण तू ऐकशील तर ना.”

बोलून गेली आणि धाकटी टेबलावर जाऊन जोडकामाला लागली. भांडण झालं असतं तर बरं, पण धाकटी भांडायची नाही. दोन दिवस घरात कामापुरतं बोलणं झालं. मीठ दे, दार लाव, पाणी आलं. या काळात रोज सकाळी ती यंत्रावर बसायची आणि दुपारपर्यंत चोच नसलेल्या बदकांचा ढीग लावायची. ढिगाकडे बघून थोरलीला तिची कीवही यायची आणि रागही यायचा. महिना संपायला नऊ दिवस उरले होते.

तिसऱ्या दिवशी धाकटी यंत्रावरून उठली, समोर येऊन उभी राहिली आणि खालच्या आवाजात म्हणाली, “ताई, वर्षभर तुम्ही आम्हाला एकच सांगत आलात. आता माझ्या हाताला काय झालंय ते एकदा लॉगला विचारा.”

थोरलीला हे लागलं. कुणी उलटून बोललं म्हणून नव्हे, तर आपल्याला हे आधी सुचलं नाही म्हणून. खांदा तिचा, ड्रायव्हर तिचा, आणि एवढी लॉगभक्त बाई जावेचा हात तपासत बसली होती. तिनं लॉग उघडला. कॅरेज काठावर पोचून वळली की कर्नल तिथं वेळ टिपून ठेवत होता. थोरलीनं डिझाइनच्या रजिस्टरमध्ये दोन रकाने आखले, एकीकडे स्वतःच्या ओळी, दुसरीकडे धाकटीच्या. धाकटी एका काठावरून वळून पुन्हा सुयांवर यायला अर्धा सेकंद घेत होती. थोरली घेत होती दीड. दहाच्या दहा ओळींना, एखाद्या घड्याळासारखी, दीड.

आणि काठावर वळण झाल्यावर पुढची ओळ यंत्राकडे पोचायला, लॉग सांगत होता, जवळजवळ एक सेकंद लागत होता. धाकटी पोचायची तेव्हा ओळ अजून वाटेवरच असायची. सुरुवातीच्या सुया बिचाऱ्या मागच्याच ओळीचा निरोप घेऊन विणायच्या, आणि काठावरच्या बदकाचा चेहरा पुसला जायचा.

एवढं कळलं, पण एक कोडं राहिलं. तिनं धाकटीला विचारलं, मी काठावर दीड सेकंद करते तरी काय?

“थांबता,” धाकटी म्हणाली. “डाव्या हातानं लोकर खाली ओढता आणि काठाला बोट लावता. दर ओळीला. मी वीस वर्षं बघतेय.”

थोरलीला हे खरंच माहीत नव्हतं. ती यंत्रावर बसली, चार ओळी मारल्या आणि स्वतःच्या डाव्या हाताकडे बघत राहिली. हात आपला आपण जात होता, लोकर ओढत होता, काठाला बोट लावत होता. तिचं पहिलंवहिलं यंत्र जुनाट होतं, त्यावर लोकर सारखी गुंतायची, तेव्हाची ती सवय. या यंत्राला तिची काही गरज नव्हती. ते यंत्र विकून जमाना झाला, हात मात्र अजून त्याच्यावरच बसला होता. म्हणजे तिनं लिहिलेला ड्रायव्हर फक्त तिच्या हातापुरता चालत होता.

यावर पहिला उपाय सुचला तो थोरलीला शोभेलसाच होता. तिनं धाकटीला सांगितलं, तूही काठावर थांबत जा. धाकटीनं दिवसभर करून पाहिलं. मनात एक-दोन मोजायचं, मग वळायचं. बदकांना चोची आल्या, पण एका पाठीला दोनशे ऐंशी ओळी, मधेच मोजणी चुकली की उसवून पुन्हा पहिल्यापासून, आणि तेवढ्या वेळा मोजता मोजता तिचं डोकं उठलं. संध्याकाळी एकच पाठ तयार होती. नव्वद स्वेटर या चालीनं पुढच्या हिवाळ्यात झाले असते.

रविवारी थोरलीनं रजिस्टर सरांपुढे ठेवलं. त्यांनी दोन्ही रकाने वाचले, चष्मा काढला आणि विचारलं, “माणसानं ड्रायव्हरसाठी थांबायचं, की ड्रायव्हरनं माणसासाठी तयार राहायचं?”

नेहमीप्रमाणे उत्तर दिलंच नाही. पण थोरलीला वाटेतच आठवला तो कापून टाकलेला तुकडा. चालू ओळ चालली असतानाच पुढची पाठवून ठेवायची ती खटपट. तो लिहिणारा कोण कुठला, विणकाम येत होतं की नव्हतं देव जाणे, पण त्यानं झपाट्यानं विणणाऱ्या माणसाचा विचार केला होता. तिनं फक्त स्वतःचा केला होता. हे तिला रस्त्यात, किराणा दुकानासमोर कळलं आणि तिला मनापासून शरम वाटली. चाळीस ओळींचा तोरा तिथंच उतरला.

तो तुकडा नव्या कर्नलला बसवायला तिला तीन दुपारी लागल्या. कर्नल दोनदा घाबरला, तिसऱ्यांदा शांत राहिला. ती यंत्रावरून उठली आणि धाकटीला म्हणाली, आता बघ. धाकटी बसली. आधी जरा जपून, मग तिच्या मूळच्या चालीनं, मग त्याहूनही जोरात. काचा गुणगुणल्या. थोरली पाठीशी उभी राहून काठ बघत होती, आणि जन्मात पहिल्यांदा तिला या खोलीत करण्यासारखं काही नव्हतं. पाठ खाली उतरली. नऊ बदकं, नऊ चोची. दाराच्या चौकटीत उभा असलेला थोरलीचा नवरा ती पाठ हातात घेऊन उलटसुलट बघत राहिला आणि मग झेरॉक्सवाल्याला नाही म्हणून फोन करायला आत गेला. खोली राहिली.

गोष्ट इथं संपायला हरकत नव्हती. धाकटी दिवसाला तीन स्वेटर काढायला लागली, थोरली जोडकाम शिकायला लागली. पण धाकटीचं बोलणं अजून कामापुरतंच होतं. थोरली तिला चांगलं जमतंय म्हणाली, वेग छान आहे म्हणाली, एकदा तर स्वतः चहा करून दिला. जे म्हणायचं होतं तेवढं मात्र तोंडातून निघत नव्हतं. चुकायची सवय नसली की चुकले म्हणायचीही नसते.

पुढच्या रविवारी सर म्हणाले, ड्रायव्हर कर्नलवाल्यांना पाठवून द्या. पटला तर परत घेतील, निदान असं यंत्र वापरणारं कुणीतरी आहे हे तरी त्यांना कळेल. पाठवताना काय काय केलं ते वर लिहायचं, खाली आपलं नाव द्यायचं, आणि चूक ज्यानं दाखवून दिली त्याचं नाव वेगळ्या ओळीत लिहायचं, अशी त्यांच्यात रीत. थोरलीनं लिहून दाखवलेल्या कागदावर एकच नाव होतं. सरांनी ते बघितलं आणि विचारलं, ही चूक तुम्ही शोधलीत का?

सोमवारी दुपारी थोरलीनं यंत्र थांबवायला सांगितलं आणि धाकटीला कॉम्प्युटरपाशी बोलावलं. पडद्यावर सगळं इंग्रजीत. खालच्या एका ओळीवर तिनं बोट ठेवलं. धाकटीनं आपलं नाव ओळखलं, पूर्ण नाव, आणि ते इथं कशाला म्हणून विचारलं.

“चूक तू दाखवलीस म्हणून. त्यांच्याकडे चूक दाखवणाऱ्याचं नाव लावतात.”

“रागवत नाहीत?”

“नाही. आभार मानतात.”

धाकटी थोडा वेळ आपल्या नावाकडे बघत राहिली. एकदा पाठवलं की हे पुसता येतं का, तिनं विचारलं. थोरली म्हणाली, नाही, कुठंही कुणीही कधीही वाचू शकतं. मग धाकटीनं विचारलं, वर काय लिहिलंय?

थोरलीनं घसा साफ केला आणि मराठीत सांगत गेली. कॅरेज भरभर फिरवली की दोन्ही काठांवरच्या सुया मागच्याच ओळीचं चित्र विणतात. कारण पुढची ओळ आधी पाठवून ठेवणारा भाग मी गरज नसताना काढून टाकला होता. तो परत घातला आहे. चूक माझी होती. विणणारीचा हात पहिल्यापासून बरोबर होता.

थोरलीनं पडद्यावरची नजर हलवली नाही, तिला हलवताच येईना.

“पुन्हा वाचा,” धाकटी म्हणाली.

थोरली पहिल्यापासून सुरू करणार, तोच धाकटीनं तिच्या खांद्यावर, दुखऱ्या नव्हे दुसऱ्या, हात ठेवला. “सगळं नको, ताई. शेवटचं तेवढं.”

थोरलीनं शेवटचं तेवढं वाचलं, नेहमीच्या, शेजारच्या दोन घरांना ऐकू जाईल अशा आवाजात, आणि पाठवून दिलं.